शेजारची सीट

"काटा कुठे आलाय?" ताईने विचारलं आणि शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ दचकला. गाडी चौकात लाल दिव्यापाशी उभी होती, पुढे दुधाची एक व्हॅन होती, दुपार टळत आली होती. प्रश्न तसा साधाच होता. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा स्टिअरिंगच्या मागे, ताईच्या अगदी नाकासमोर होता. पण इतक्या वर्षांत ताईने या गाडीतली कुठलीही गोष्ट कुणाला विचारली नव्हती. गाडीला काय होतंय ते तिला आवाजावरून कळायचं, वासावरून कळायचं, पायाच्या तळव्याला कळायचं. शेजारच्या सीटवरून त्याने काही सांगायचा प्रयत्न केला, की "उंटावरून शेळ्या हाकू नकोस" हे तिचं उत्तर ठरलेलं. त्याने वाकून काटा पाहिला. "अर्ध्याच्या वर. लाल रेघेला टेकायला आलाय." ताईने मान हलवली, हिटर पूर्ण सोडला आणि त्याला काचा खाली करायला सांगितल्या. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की त्याला तेवढाच श्वास मिळतो, हे बाबांनी तिला शिकवलेलं. दोघं घामाने निथळत निघाले. पाक करपावा तसा गोडसर वास येत होता. घराच्या अलीकडच्या वळणावर कडेच्या गल्लीतून एक सायकलवाला निघाला, भाऊ सवयीने "सायकल, सायकल" असं ओरडला, ताईने ब्रेक दाबला आणि सायकलवाला मागे न बघता निघून गेला. ताई भावावर मात्र ओरडली नाही. हे त्याच्या मनात नंतर, जिना चढताना आलं. ताई ओरडली नाही, आणि आजच नाही, बरेच दिवस ओरडलेली नाही.

गाडीखाली हिरव्या पाण्याचं थारोळं झालं होतं. इंजिन निवेपर्यंत ताई पायरीवर बसून राहिली. मग आधी एक पाय पुढे करून पायरी चाचपत ती उतरली, आणि बॉनेट उचलून तिने पंख्याचं पातं धरून मागेपुढे हलवलं. आत कुठेतरी खटखट वाजलं, हलणाऱ्या दातासारखं. "पाण्याचा पंप गेला," ती म्हणाली. त्याने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. गॅरेजवाला मोकळेपणाने म्हणाला, "साहेब, त्या गाडीला मी हात लावणार नाही. गंजलेला बोल्ट आत तुटला नाहीतर चुकीचा बसला, तर इंजिनच्या ब्लॉकला तडा जाईल आणि तुम्ही म्हणाल माझ्यामुळे गेली. भंगारात द्या, सुटाल." त्याने हे जसंच्या तसं सांगितलं. ताईने बॉनेट खाली घेतलं आणि त्यावर हात ठेवला. "मी लावते हात," ती म्हणाली. "उद्या सुट्टी आहे ना तुला? पंप नीट बसला तर गाडी राहील. नाही बसला तर भंगारवाल्याला मीच बोलावीन, तू मध्ये पडायचं नाहीस." गाडी नसण्याची कल्पना त्याने कधी केली नव्हती. खरं म्हणजे गाडीची नव्हेच. ताई गाडी चालवत नाही आणि आपण तिच्या शेजारी बसलेलो नाही, अशा दिवसाची.

लहानपणी तो तिच्या मागे मागे फिरायचा म्हणून घरात त्याला शेपट्या म्हणत. पन्नाशी उलटली, स्वतःचं औषधांचं दुकान झालं, डोक्यावरचे केस बरेचसे गेले, तरी ताईच्या तोंडी तो शेपट्याच राहिला होता. लग्नानंतरही तो याच घरात वरच्या मजल्यावर राहिला, ताई खाली. गाडी बाबांची. बाबा बटणांचे फिरते विक्रेते होते. मागच्या सीटवर नमुन्यांची खोकी असत आणि खड्ड्यातून गाडी गेली की हजारो बटणं एकदम हसल्यासारखी वाजत. रस्त्यात गाडी बंद पडली की बाबा बाही दुमडून बॉनेट उघडायचे आणि ताई पाना हातात घेऊन त्यांच्या बाजूला उभी असायची. तो कडेला बसून सांडलेली बटणं रंगाप्रमाणे लावायचा. असंच ठरून गेलं, कुणी ठरवलं नाही. ताई बटणांवरून कापडावर गेली, कापडावरून कटिंगवर. पुढची कित्येक वर्षं गावातल्या अर्ध्या बायकांचे कपडे तिने कापले. खडूने रेघ न ओढता कात्री घालायची. बाया श्वास रोखून बघायच्या आणि कापड नेमकं हवं तिथेच वेगळं व्हायचं. गेल्या वर्षी तिने शिवणाचं दुकान हाताखालच्या मुलीला देऊन टाकलं. मान दुखते म्हणाली. तेव्हा त्यानेच तिला मानेला चोळायचं मलम आणून दिलं होतं, आणि ती ट्यूब अजून तशीच भरलेली, ताईच्या फडताळात दिसायची. त्या ट्यूबबद्दल त्याने कधी विचारलं नव्हतं.

सकाळी तो खाली आला तेव्हा ताईने बाबांचा जुना शर्ट चढवला होता आणि गाडीच्या नाकापाशी स्टूल मांडलं होतं. वरून बायको म्हणाली, "ताई गाडी उघडतायत म्हणजे आज तुमचं जेवण खालीच पाठवते, वर काही तुम्ही येत नाही." ते खरंच होतं. ताई काम करताना बघणं हा त्याचा लहानपणापासूनचा छंद, आणि माणसाला स्वतःला काही येत नसलं की बघण्यातही एक प्रकारचं कौशल्य येतं. तिने खालची तोटी सोडून रेडिएटरचं पाणी टबात काढलं. डायनॅमो ढिला करून पंख्याचा पट्टा उतरवला. पंखा निघाला, पुली निघाली, पाइपाची क्लिप सुटली. प्रत्येक बोल्टला आधी डाव्या हाताचं बोट जाऊन भेटायचं, त्याच्या डोक्याभोवती फिरायचं आणि मगच उजव्या हातातला पाना तिथे पोचायचा. बोल्ट हटत नसला तर ती जोर लावायची नाही. हातोडीने डोक्यावर हलकेच ठोकायची, तेल सोडायची, दुसऱ्याकडे जायची, परत यायची. "चिडला की तुटतो," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, आधी त्याचा राग जाऊ दे." तिला गाडीशी असं वागताना बघून त्याला स्वतःचं बालपण आठवलं. ताप आला की तो औषध घ्यायचा नाही, आई हैराण व्हायची, आणि ताई मात्र वाटी चमचा बाजूला ठेवून उगाच त्याच्या अंथरुणावर येऊन बसायची, भलतंच काहीतरी बोलायची, आणि औषध कधी पोटात गेलं हे कळायचंही नाही.

बाबांची एक पद्धत होती. पंपाचे बोल्ट सारखे नसतात. कुठला लांब, कुठला आखूड, आणि ज्याचं त्याचं भोक ठरलेलं. म्हणून पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढायचा, बोल्टांच्या जागी भोकं पाडायची आणि निघेल तो बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच्या त्याच्या भोकात रोवायचा. ताईने तसंच केलं. शेवटचा बोल्ट रोवून झाल्यावर तिने लाकडी दांड्याने पंपाला चापट मारली आणि तो तिच्या हातात आला, काळा, ओला. तिने पंपाचा आतला दांडा फिरवून भावाला दाखवला. दांडा डुगडुगत होता. "बघ, तरी चालत होता," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. नवा पंप तिच्याकडे होता. ही गाडी बनायची बंद झाली तेव्हाच तिने तो आणून ठेवला होता. पण त्याच्याबरोबरचं कागदी गॅस्केट, म्हणजे पंप आणि इंजिन यांच्या मधला चकतीवजा थर, इतक्या वर्षांत वाळून पापड झालं होतं. हात लावताच त्याचे तुकडे पडले. ताईने जाड कागद घेतला, पंपाच्या तोंडावर ताणून धरला आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने हलकेच ठोकत गेली. धातूची कडच कागद कापत होती. टिक टिक टिक, आणि एकेक भोक गळून पडत होतं. तो भान विसरून बघत राहिला. मग न राहवून त्याने विचारलं, "ताई, कात्री का नाही घेतलीस?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हे कात्रीचं काम नाही." या घरात असं कुठलं काम होतं जे तिच्या कात्रीचं नव्हतं, असं त्याला म्हणायचं होतं. कालपासून काहीतरी त्याच्या चपलेत खड्यासारखं टोचत होतं आणि वाकून ते काढायचं धैर्य त्याला होत नव्हतं.

ताई हात धुवायला आत गेली तेव्हा तो एकटाच बोल्टांपाशी राहिला. चिकट, काळे, पुठ्ठ्यावर वेडेवाकडे रोवलेले. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट नीट केली होती: वस्तू जागच्या जागी लावणं. त्याच्या दुकानात डोळे मिटून कुठल्याही खणात हात घातला तरी हवी ती बाटली मिळायची. ताई इतकं करतेय आणि आपण नुसते खांबासारखे उभे आहोत, असं त्याला वाटलं. त्याने रॉकेलमध्ये फडकं भिजवून एकेक बोल्ट उचलून पुसला. आटे घासले. दुसरं स्वच्छ पांढरं फडकं बाजूच्या फळीवर अंथरलं आणि बोल्ट त्यावर मांडले, आखूड अलीकडे, लांब पलीकडे, अगदी ओळीत. सुंदर दिसत होते. ताई येईपर्यंत त्याला स्वतःचं बरंच कौतुक वाटून झालं होतं.

ताईने इंजिनाची बाजू शेवटची पुसून घेतली, गॅस्केटला दोन्हीकडून ग्रीसचा हात दिला, नवा पंप जागेवर टेकवला आणि डाव्या हाताने दाबून धरून उजवा हात मागे पुठ्ठ्याकडे नेला. बोटं पहिल्या भोकावर गेली. दुसऱ्या. तिसऱ्या. बोटं पुठ्ठ्यावर फिरत राहिली. "शेपट्या, बोल्ट कुठे गेले?" बोल्ट तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर, पांढऱ्या फडक्यावर उन्हात चमकत होते. चिडून विचारतेय, असं त्याला आधी वाटलं. पण तिने मान वळवली, तिची नजर पुठ्ठ्यावर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. फडक्याचा तिला पत्ता नव्हता. चपलेतला खडा आता आरपार गेला. चौकातला काटा, न वापरलेलं मलम, न घेतलेली कात्री, पायरी उतरताना आधी पुढे जाणारा तिचा पाय, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि ही ओळ त्याने लावलेली नव्हती.

"इथेच आहेत," तो म्हणाला. "तुझ्या बाजूला. फडक्यावर. मी पुसून लावून ठेवले."

"लावून म्हणजे?"

"लहानमोठे. ओळीने."

तिने दाबून धरलेला पंप मात्र सोडला नाही.

"ताई, कधीपासून?"

"समोरचं दिसतं मला," ती म्हणाली. "चांगलं दिसतं. सुईत दोरा ओवीन अजून. कडेचं गेलंय. नळीतून बघावं तसं. कापड अख्खं दिसेना म्हणून कटिंग सोडलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. थेंब घालते रोज."

"थेंब? कुठून घेतेस?"

"बसस्टँडजवळच्या दुकानातून."

हे त्याला लागलं. सबंध गावाला तो औषधं देत होता, कुणाला कशाचा त्रास आहे हे त्याला नुसत्या चिठ्ठीवरून कळत होतं, आणि सख्खी बहीण दुसऱ्याच्या दुकानातून डोळ्यांचे थेंब आणत होती, का, तर आपल्या शेपट्याला कळू नये म्हणून. त्याला तिचा राग आला. आणि रागाच्या पाठोपाठ तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्याने फडक्यावरचा एक बोल्ट उगाचच सरळ केला.

"आणि काल काटा विचारलास ते?"

"काट्याकडे बघितलं की रस्ता जातो. रस्त्याकडे बघितलं की काटा जातो," ताई म्हणाली. "एकटी नाही काढत गाडी आता. तू असलास तरच काढते. तुझी बडबड चालू असते ना सारखी, इकडून स्कूटर, तिकडून कुत्रं. इतकी वर्षं डोकं उठवलंस, आता तिच्यावरच चालवत होते."

"म्हणून ओरडत नव्हतीस."

"ओरडून कसं चालेल? डोळ्यांवर कुणी ओरडतं का?" ती थोडी हसली. मग हसू गेलं. "पण काल तो सायकलवाला मला तू बोलल्यावर दिसला, शेपट्या. त्या वेळी तुला शिंक आली असती तर? चुकलंच ते. आधीच थांबायला हवं होतं. काल रात्री ठरवलं."

"काय ठरवलंस?"

"आधी पंप," ती म्हणाली. "हात भरून आला माझा. तू ये आणि दाबून धर."

त्याने पंप दाबून धरला. आता कुठला बोल्ट कुठला हे कसं कळणार, या विचाराने त्याच्या पाचावर धारण बसली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लांब बोल्ट उथळ भोकात पिळला गेला, तर गॅरेजवाल्याने सांगितलेलं खरं होईल, तडा जाईल, आणि गाडी ताईच्या हाताने नव्हे तर आपल्या स्वच्छतेने भंगारात जाईल. ताई मात्र शांत होती. तिने एक बोल्ट उचलला, भोकात नुसता सोडला, पिळला नाही, आणि बाहेर राहिलेल्या डोक्याखाली अंगठ्याचं नख लावून पाहिलं. काढला, दुसऱ्या भोकात सोडला, पुन्हा नख लावलं. "आपल्या घरात गेला की प्रत्येक जण सारखंच डोकं वर काढतो," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात गेला की कुणी बुडतो, कुणी उंच राहतो. कुणाचं घर कुठलं ते तेच सांगतात, आपण फक्त विचारायचं." ती एकेकाला विचारत गेली. तिचे डोळे मिटलेले होते. त्याने इतक्या जवळून तिचे हात बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. कात्रीने अंगठ्याशी पडलेला घट्टा, नखांत काळं तेल, आणि बोटं मात्र एखाद्या मुलीसारखी उत्सुक. बाबांनी पुठ्ठ्याची युक्ती शिकवली होती. ही युक्ती बाबांची नव्हती. ही तिला गेल्या वर्षात, जग कडेने मिटत जाताना, एकटीला सुचत गेली असणार. रडायला येईल असं त्याला वाटलं होतं, पण तो चक्क खूश होता, लहानपणी ती झाडावर सगळ्यात उंच चढायची तेव्हा व्हायचा तसा.

शेवटचा बोल्ट तिने त्याच्या हातात दिला. "हा तू लाव. हाताने फिरव, पाना नाही. अडला तर थांब, मागे घे, परत घाल. आट्यांशी भांडायचं नाही." त्याने फिरवला. अडला. त्याने मागे घेतला, श्वास घेतला, परत घातला, आणि बोल्ट लोण्यात जावा तसा आत गेला. मग ताईने पाना घेतला आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेली, एकदम कुणालाच नाही. पुली बसली, पंखा बसला, पट्टा चढला; पट्ट्यावर अंगठा दाबून तिने ताण पाहिला. पाणी भरलं. इंजिन चालू झालं तेव्हा तिने बॉनेटवर कान टेकवला आणि तो सीटवर बसून काटा बघत राहिला. "सांग." "चढतोय." "चढू दे." "अजून चढतोय, ताई." "चढणारच तो, घाबरू नकोस." मग काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. त्याने खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती. खटखटही नव्हती. "मध्यावर," तो म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

ताईने हात पुसले, बाबांचा शर्ट काढून खिडकीच्या गजाला अडकवला. "चल, एक चक्कर मारून बघू," ती म्हणाली. तो सवयीने उतरून पलीकडच्या दाराशी गेला, तर तिथे ताई आधीच बसलेली. शेजारच्या सीटवर. पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखी. त्याच्याकडे लायसन्स होतं. न वापरलेली छत्री लोक अधूनमधून उन्हात वाळवतात तसं तो ते वेळच्या वेळी नवं करून घ्यायचा. "मला नाही जमणार," तो दारातूनच म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी," आणि पुढे काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही. ताई समोर बघत म्हणाली, "मग पंप कशाला बदलला मी? मला काय त्याची हौस होती? धडधाकट गाडी द्यायची होती तुला. मोडकी दिली असती तर तू दुसऱ्या दिवशीच विकली असतीस, मी ओळखते तुला. बस." तो बसला. गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट तिच्या मापाची होती, बाबा गेल्यापासून ती कुणी हलवलेली नव्हती. "सरकव मागे," ताई म्हणाली. त्याने खालची दांडी ओढली आणि सीट करकरत मागे गेली, आणि त्या आवाजाने ताईने एकदाच डोळे मिटले.

गाडी गल्लीतून निघाली. तो डोळ्यांत तेल घालून बघत होता, रस्ता, आरसे, पुन्हा रस्ता, आणि एवढं सगळं बघायचं असतं हे त्याला शेजारून कधी कळलं नव्हतं. मग इंजिन कण्हलं, आणि ती म्हणाली, "दुसरा गिअर टाक." थोड्या वेळाने, "क्लच पूर्ण सोड, पाय झोपवू नकोस त्याच्यावर." वळणापाशी, "मागे मोठी गाडी आहे, जाऊ दे तिला." त्याने आरशात पाहिलं, मागे टँकर होता. कालच्याच चौकात लाल दिवा लागला आणि त्याने गाडी थांबवली, जरा धक्का देऊन, पण थांबवली. लगेच त्याची नजर काट्यावर गेली. मध्यावर होता. तरी तो बघत राहिला, हलतोय का, चढतोय का, न जाणो. आपण बसवलेला तो शेवटचा बोल्ट त्याला आत दिसत होता. मध्यावरच होता. किती सुरेख बसवला हिने पंप, त्याला वाटलं, किती सुरेख.

"निघ," ताई म्हणाली, "हिरवा झाला."

त्याने मान वर केली. खरंच हिरवा झाला होता. त्याने पहिला टाकला.